करडग्यासाठी बारा व्होल्ट

नीलव्वा जेवत नाही.

रुसून नाही. उपास म्हणूनही नाही. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग हरवलंय. रोज सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पाणी घालायचं, एखादं फूल ठेवायचं, थोडा वेळ नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं, आणि मग चांदीच्या करडग्यात बंद करून ती डबी परत गळ्यात. त्यानंतर पहिला घास. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासूनचा नेम. आता तळहातावर घ्यायला काही नाही, म्हणून घासही नाही.

पाणी?

तेही नको म्हणाली. सून पेला धरून उभी राहिली, हात खाली घेतलाच नाही, तेव्हा दोन घोट घेतले.

साखरेची गोळी?

रिकाम्या पोटी चालत नाही.

सून म्हणजे शिवलीला. जिगणीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तिचंही लिंग आहे, पण ते बेंगळूरच्या बनशंकरी भागातल्या घरी, देवघरातल्या डबीत असतं, सणावारी बाहेर येतं. सासूबाईंचा, म्हणजे अत्तींचा, नेम तिला पाळता येत नाही, मोडवतही नाही. तिला या सगळ्यावर एकच उपाय दिसतो, आणि त्याला बारा व्होल्ट लागतात.

* * *

कुठे हरवलं

आनेकलच्या अलीकडे, नाचणी काढलेल्या रानात. मधे अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, ओळी अजून उभ्या. रान यांचं नाही. शिवलीलाचा नवरा दयानंद ज्या कारखान्यात आहे तिथल्या एका जुन्या फोरमनचं. निपाणीकडची माणसं बेंगळूरात कितीही वर्षं राहिली तरी वेळ अमावस्येला भूमीच्या पूजेसाठी त्यांना रान लागतं. स्वतःचं नसलं तर मागून घेतलेलं.

कसं हरवलं

पूजा झाली की भाकरी, भज्जी, आंबील सगळं एका टोपलीत कालवायचं आणि घरातल्या मोठ्या बाईनं रानाच्या कडेकडेनं फिरत मुठीमुठीनं चारी दिशांना उधळायचं. हा चरग. भूमीचा आणि पाखरांचा वाटा. नीलव्वा या कामात कुणाचं ऐकत नाही. पदर खोचून, खांद्यापासून हात फिरवून ती अशी उधळते की जणू रान तिच्या बापाचं आहे. त्या झोकात कुठंतरी गळ्यातला दोरा तुटला. दोरा जुना होता. बदला म्हणून सुनेनं सांगितलं होतं, आणि ‘बदलीन की’ म्हणून नीलव्वानं ते सोडून दिलं होतं.

पानावर बसताना तिनं छातीशी हात नेला.

मग काय केलं

जे कुणीही करेल ते. आलेले सगळे भाऊबंद खुरपी, काठ्या, पायातल्या चपला, मिळेल ते घेऊन रान उकरायला लागले. पार अंधार पडेपर्यंत. माती खालीवर झाली. शिवलीला बांधावर उभी राहून ओरडत होती, उकरू नका, तुडवू नका, आहे तसं राहू द्या. कोण ऐकतंय. जेवढं शोधलं तेवढं ते खाली गेलं.

* * *

धातू हुडकायचं यंत्र शिवलीलाचं आहे. तिनंच बनवलंय. प्लास्टिकच्या पाइपचा दांडा, टोकाला परातीएवढी कॉइल, ती घरातल्याच परातीभोवती तार गुंडाळून बेतलेली, आणि कमरेला एक डबी. रविवारी सकाळी ती मोकळ्या मैदानांवर फिरते. नाणी, किल्ल्या, बोल्ट, एकदा एक पितळी घुंगरू. जाड चांदी किंवा तांबं असलं की यंत्र लांब शिट्टी देतं. खिळे-बिळे असले की तुटक.

नीलव्वा शेजारणींना सांगते, “माझी सून भंगार गोळा करती. पगार बी आणती, म्हणून बोलत न्हाई.”

त्या संध्याकाळीच शिवलीला स्कूटरवरून घरी आली, यंत्र उचललं, बॅटरीची पेटी उघडली. आतले सेल पाणी सुटून पांढरे झालेले. दिवाळीपासून यंत्र बाहेर निघालंच नव्हतं. मग घरातले सेल. ते घेऊन ती परत रानात. यंत्र थोडा वेळ नीट बोललं, मग त्याची कुजबुज झाली, मग तीही गेली. टॉर्चच्या उजेडात बघितलं, डबीवरचा बॅटरीचा दिवा लाल.

दयानंद कोइम्बतूरला मशीन बसवायला गेलेला. फोनवर.

“कुठले सेल घातलेस?”

“रिमोटचे. घड्याळाचे. तुमच्या वजनकाट्याचे.”

“नवे-जुने एकत्र?”

“हो.”

“लीला, तूच मला बोलतेस त्यावरून. एक मेलेला सेल बाकीच्यांना घेऊन बसतो म्हणून.”

“माहितीये हो.”

“मग?”

“मग काय. तिकडे अत्ती बसल्या होत्या रानात, उठायला तयार नाहीत. मी रिमोटच काय, शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ काढलं असतं.”

“आई काय म्हणते आता?”

“काही म्हणत नाहीत. तेच तर.”

“स्वामींना फोन लाव. ते समजावतील.”

* * *

स्वामींचा फोन स्पीकरवर ठेवलेला. सकाळ. नीलव्वा सोप्यात खालीच बसली आहे, कपाळावर विभूती आहे, पुढ्यात रिकामं ताम्हन. स्वामी मठातून बोलतायत, शांत माणूस आहेत.

“नीलव्वा, असं होतं. शास्त्रात वाट आहे. तू मठात ये, मी तुला दुसरं लिंग देतो.”

“येते की.”

“आजच ये.”

“पयलं सापडलं की येते. दाखवायला.”

“आणि नाही सापडलं तर?”

“स्वामी, तुमीच सांगितलं हुतं मला. लिंग पती, आपण सती. सांगितलं हुतं का न्हाई?”

“सांगितलं होतं.”

“मग नवरा जत्रंत चुकला तर बाईनं काय करायचं? हुडकायचं, का मांडवात दुसरा हुबा करायचा?”

मग स्वामी म्हणाले, “सून आहे का तिथं?”

“हाय की. ऐकतीया.”

“बाळ, तुझ्याकडे ते यंत्र आहे म्हणतात.”

“आहे स्वामीजी.”

“मग बघ लवकर,” ते म्हणाले. “तुझी सासू माझं ऐकायची नाही.”

* * *

बेंगळूरातलं शिवाजीनगर. बसस्टँडच्या मागच्या गल्ल्या. जुने इन्व्हर्टर, जुन्या यूपीएस पेट्या, गाड्यांच्या बॅटऱ्या एकीवर एक. शिवलीलाच्या पिशवीत मीटर आहे आणि एक जुना हेडलाइटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला.

नुसत्या मीटरवर तिचा विश्वास नाही. पडीक बॅटरीसुद्धा मीटरला बारा दाखवते. तिच्यावर ओझं टाकलं की खरं कळतं. म्हणून बल्ब. बल्ब लावायचा, मग मीटर बघायचं.

दुकानदारानं यूपीएसमधली एक बॅटरी पुढं केली. “कडक माल है मॅडम.”

बल्ब लागला, पिवळा झाला, लाल झाला, विझला.

“दुसरी.”

दुसरी लाल व्हायच्याही आधी गेली. तिसरी टिकली असं वाटलं, आणि मग मीटरचे आकडे जिन्यावरून उतरल्यासारखे उतरू लागले.

“अजून आहेत?”

“मॅडम, बॅटरी लेने आये क्या लडका देखने आये?”

“लडका देखने को भी बल्ब लेके जाना चाहिए था,” शिवलीला म्हणाली. दुकानदार हसला. ती हसली नाही, पण मनात ते शब्द घेऊन पुढच्या पेटीपाशी वाकली.

कारण स्थळं आलीच होती, आणि एकेक बघायचंच होतं.

नवे अल्कलाइन सेल: घरंदाज, कुणालाही चालतील, पण ही कॉइल खादाड आहे. ओढ लागली की आठही जण मान टाकणार. रानाचा कोपरा संपायच्या आत.

चार्ज होणारे सेल, कारखान्यात आहेत, मागितले तर मिळतील: स्वभावानं उत्तम, शेवटपर्यंत एकसारखे. पण एकेकाला उंची कमी. आठ मिळून सुद्धा दहा व्होल्टला पोचत नाहीत. यंत्र सुरूच होणार नाही.

लॅपटॉपमधून काढलेले लिथियम, या दुकानातच, डालग्यात: कुणाचं वय किती, कुणालाच ठाऊक नाही. कमरेला बांधून फिरायचं म्हणजे, एखादा पेटला तर

नको.

“ये देखो,” दुकानदार म्हणाला. त्याच्या हातात चपटी काळी पेटी. पॉवर बँक, नवीकोरी, बारा व्होल्टचं तोंड असलेली. बल्ब लावला. पांढरा शुभ्र. मीटर हलेना. हातात घेतली तर हलकी, पर्समध्ये मावेल.

शिवलीलानं घेतली. घाई होती. घाईत माणूस नुसतं वजन बघतो.

* * *

गच्चीवर. यंत्र जोडलं, बटण दाबलं.

टीं टीं टींटींटींटीं टीं

फरशीवर कॉइल नेली: टींटींटीं. हवेत उचलली: टींटींटीं. आभाळाकडे केली, तिथं तर काही पुरलेलं नव्हतं: टींटींटीं.

जिन्यातून आवाज. “लीला, काय सापडलं गं?”

“काही नाही अत्ती.”

“मग वरडतंय कशाला?”

“स्वतःलाच ऐकतंय.”

त्या चपट्या पेटीत मुळात बारा व्होल्ट नव्हतेच. आत कमी होते, आणि सर्किटची एक चिमुकली पट्टी ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वर ढकलत होती. बल्बला त्याचं काही नाही. बल्ब आंधळा असतो, त्याला उजेड पाडायचा तेवढं कळतं. कॉइल मात्र कानच. तिला ती सगळी ढकलाढकल ऐकू येत होती. शिवलीलाला हे ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

नीलव्वा कठड्याला धरून एकेक पायरी वर आली होती. दाराशी टेकली. ओठ कोरडे.

“चल जाऊ या तसंच. वरडू दे त्याला.”

“तसं चालत नाही अत्ती. सारखं ओरडणाऱ्याचं काही समजत नाही.”

“व्हय,” नीलव्वा म्हणाली. “तुझा सासरा तसाच हुता.”

आणि खाली बसली, कारण उभं राहवेना.

शिवलीलानं वायरी उपटल्या. परत शिवाजीनगर, परत गल्ली, परत बल्ब. तिनं किल्ली घेतली, खाली आली, स्कूटरवर बसली, बटण दाबलं. स्कूटर एका झटक्यात सुरू झाली.

तिचा अंगठा बटणावरच राहिला.

पायाखाली, फळीच्या आत, चार स्क्रूंच्या खाली. बारा व्होल्ट. शिशाची, जड, जुन्या पद्धतीची, आत कुठली पट्टी नाही, ढकलाढकल नाही. रोज सकाळी इंजिनाला लाथ मारून उठवणारी. तिच्यासारखं ओझं शिवाजीनगरातल्या एकाही बॅटरीनं उचललं नसतं.

आणि या नव्या स्कूटरला किक नाही. रानात ही बॅटरी यंत्रानं पिऊन टाकली तर स्कूटर जागची हलणार नाही. मागं उपाशी म्हातारी, आणि डांबरी रस्ता बराच लांब.

तिनं हे नीलव्वाला जसंच्या तसं सांगितलं. लपवून नेण्यात अर्थ नव्हता.

“म्हंजे परत यायचं अवघड हुईल.”

“होऊ शकतं. तुम्ही घरी थांबा. मी जाते.”

“मी कशाला थांबू?”

“अत्ती, तुमच्या पोटात काही नाही.”

“मी कुठनं कुठं गेले, कुठं हात फिरवला, तुला काय म्हाईत? तू तर भज्जी वाढत हुतीस.” नीलव्वा चपला शोधू लागली. “आनी परत यायचं म्हणतीस. सापडल्याबिगर परत यायचंय कुणाला?”

* * *

नाइस रोडच्या पुलाखालून, मग गावाचे रस्ते. नीलव्वानं एका हातानं सुनेचा खांदा धरलाय आणि दुसऱ्या हातात कॉइल, ताट धरावं तशी. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईनं विचारलं, “अक्का, एनु अदु?” काय आहे ते, म्हणून.

“ताट हाय,” नीलव्वानं मराठीतच सांगितलं.

शिवलीलाला हसू आलं, कालपासून पहिल्यांदा. आणि लगेच खांद्यावरच्या हाताची पकड सैल होतेय असं वाटलं, म्हणून तिनं वेग कमी केला.

* * *

रान तसंच. काल उकरलेल्या ढेकळांवर साळुंक्या, चरगातले कण टिपतायत.

फळी उघडली. बॅटरी निघाली. शिवलीलानं ती ओढणीत बांधून पाठीशी अडकवली, लाल वायर, काळी वायर. बटण.

शांत.

अशी शांतता की आधी तिला वाटलं बंदच आहे. मग कॉइल एका जुन्या खिळ्यावरून गेली आणि तुटक, स्पष्ट, जवळून कुणी चुटकी वाजवावी तसा आवाज आला.

“काल जशा चाललात तसंच चाला अत्ती. हात सुद्धा तसाच फिरवा.”

नीलव्वा निघाली. रिकामी मूठ भरली, उधळली. रिकामी मूठ भरली, उधळली. काल या हाताला जोर होता. आज तो अर्ध्यातून खाली येत होता, पण वळायचं तिथं ती न चुकता वळत होती. मागून सून, कॉइल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

लांब शिट्टी.

दोघी थांबल्या. शिवलीला गुडघ्यावर बसली, खुरप्यानं, मग बोटांनी. माती. आणखी माती. मुंग्यांचं घर. काही नाही.

दोन पावलं पुढं: लांब शिट्टी. खणलं. काही नाही.

आणखी पुढं: लांब शिट्टी.

“सगळ्या रानात चांदी पेरलीया का काय,” नीलव्वा म्हणाली.

शिवलीला उभी राहिली. कॉइल जमिनीवरून उचलली आणि स्वतःच्या डाव्या पावलावर आणली. शिट्टी. उजव्या पावलावर. शिट्टी.

जोडवी. रविवारच्या नेहमीच्या सेलांवर काय, कालच्या मरतुकड्या सेलांवर काय, यंत्राला तिची पावलं कधी ऐकूच आली नव्हती. या बॅटरीवर ऐकू येत होती, लखलखीत.

ठीक आहे, तिनं ठरवलं. पायाशी वाजलं तर सोडून द्यायचं. पुढं वाजलं तर थांबायचं. तशा चालत राहिल्या. पहिली बाजू. वळण. दुसरी बाजू. डबीवरचा दिवा हिरवा होता, मग हिरवा-पिवळा. पायाशी वाजत होतं, ती सोडून देत होती. कान तयार झाले. थोड्या वेळानं ती शिट्टी तिला ऐकूच येईना.

बांधापाशी पोचल्यावर ती थबकली.

ज्या आवाजासाठी ती आली होती तोच आवाज न ऐकण्याची सवय तिनं कानांना लावली होती. करडगं चांदीचं. जोडवी चांदीची. मागच्या सगळ्या पट्ट्यात एखादी शिट्टी पायाची नसली तर?

जोडवी काढायला हवी होती.

हे ती मोठ्यानं म्हणाली नाही. सौभाग्याची वस्तू, समोर सासू. लग्नानंतर एकदा कारखान्यात यंत्राजवळ जाताना काढून ठेवली होती, ते घरी कळलं तेव्हा नीलव्वा आठवडाभर धड बोलली नव्हती. आणि आज ही बाई उपाशीपोटी, एका दोऱ्यासाठी, एका नेमासाठी रान तुडवत होती. तिला काय सांगायचं, तुमचा नेम राखायला माझा मोडते?

“काय झालं?” नीलव्वानं विचारलं.

“अत्ती, ते माझ्या पायातलं वाजतंय.”

“मग?”

“ते असेपर्यंत तुमचं ऐकू येणार नाही.”

नीलव्वानं सुनेच्या पायांकडे बघितलं. मग स्वतःच्या. तिची बोटं मोकळी होती. नवरा गेल्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी बोटांवर बारीक खाच होती.

“काढ,” ती म्हणाली.

शिवलीला हलली नाही.

“काढ म्हणते न्हवं. माझ्या पायातली काढली तवा मला कुणी इचारलं न्हाई. चार बायका बसल्या आनी ओढून काढली. तू तुझ्या हातानं काढतीस, काम झालं की तुझ्या हातानं घालतीस. त्यात काय हाय?”

“लोक...”

“लोक कुठं हाईत? साळुंक्या हाईत.”

जोडवी निघेनात. बोटं चालून चालून सुजलेली. नीलव्वा बांधावर बसली, सुनेचा पाय तिनं सरळ मांडीवर ओढून घेतला. शिवलीला “अत्ती, नको” म्हणत राहिली. शिवलीलाच्या डब्यात भाकरी होती आणि शेंगदाण्याची चटणी, वर तेल. नीलव्वानं बोटानं तेल घेतलं, जोडव्याखाली फिरवलं, हळूहळू पिळत काढलं. दुसरं काढलं. अन्नाचा वास तिच्या बोटांना लागला होता. तिनं बोटं पदराला पुसली, नीट पुसली, आणि जोडवी कनवटीला खोचली.

“चल.”

तिला उठता आलं नाही. गुडघ्यावर हात देऊन अर्धी उठली आणि परत बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली असावी. शिवलीला धावली.

“मला धरू नगं. तू चाल. मी हितनं सांगते.”

“अत्ती, आपण परत जाऊ. दवाखान्यात...”

“लीला.” आवाज मोठा नव्हता. “बॅटरी हाय का अजून?”

दिवा पिवळा होता. “आहे.”

“मग चाल.”

* * *

ती परत पहिल्या टोकाला गेली. एकटी. अनवाणी, कारण चपलेलाही बक्कल होतं. नाचणीची धसकटं टोचत होती.

डावीकडून उजवीकडे. शांत. उजवीकडून डावीकडे. शांत. पायाशी आता काही नव्हतं. आता जे वाजेल ते जमिनीतलं.

बांधावरून आवाज येत होता. “आता वळ. हितं मी वळले. थांब, उजवीकडं जरा. हितं दोन मुठी टाकल्या, लक्षात हाय, कावळा हुता.”

खिळा. सोडला.

“आता अवऱ्याच्या कडंनं.”

वॉशर असावा. तुटक. सोडला.

दिवा पिवळा, मधूनच लाल. शिवलीलानं खाली बघायचं बंद केलं. स्कूटर सुरू होणार नाही हे तिला आता कळून चुकलं होतं, आणि ते कळल्यावर एक प्रकारे बरं वाटलं. राखून ठेवायचं काही उरलं नव्हतं. तिनं कॉइल जमिनीला लागेल इतकी खाली घेतली आणि पावलं आणखी हळू केली.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, मघाशी ती सरळ चालून गेली होती त्या जागी, शिट्टी.

लांब. बारीक. पायाची नसलेली.

ती मागं सरली. कॉइल आडवी नेली. शिट्टी. उभी नेली. शिट्टी. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं तिनं यंत्र बाजूला ठेवलं आणि खाली बसली. खुरपं घेतलं नाही. बोटांनी, मांजर उकरतं तसं. वरची काल तुडवलेली माती घट्ट होती, त्याखालची ओली. वीतभर आत काहीतरी गोल, गार, मातीत अर्धं. काळपट चांदी. तुटक्या दोऱ्याचं एक टोक.

शिवलीलानं हात मागं घेतला.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावत नाहीत.

“अत्ती,” तिनं हाक मारली. “तुम्ही या.”

नीलव्वा बांधावरून उतरली, चार पावलं चालली, मग खाली बसली आणि बसूनच, हातांवर भार देत, ढेकळांमधून पुढं सरकत आली. शिवलीला मधल्या अंतरात उभी, मदतीला जावं की नको. गेली नाही. त्या बाईला ते अंतर स्वतःच कापायचं होतं हे दिसत होतं.

खड्ड्याशी येऊन नीलव्वा वाकली. दोन्ही हात आत घातले. करडगं बाहेर आलं, एका बाजूनं चेपलेलं, कुणाच्या तरी टाचेखाली आलेलं. झाकण निघेना. दातांनी धरलं, निघालं. आत लिंग काळंभोर, तसंच्या तसं.

शिवलीलानं बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर घातलं. नीलव्वानं हात धुतले, तोंड धुतलं, कपाळावरची पुसट विभूती बोटावर घेऊन लिंगाला लावली. डावा तळहात छातीसमोर आला. उजव्या हातानं थेंब थेंब पाणी. फूल नव्हतं. शिवलीलानं अवऱ्याचं एक पांढरं फूल तोडून समोर ठेवलं, ते तिनं घेतलं.

आणि मग ती बघत बसली.

शिवलीला यंत्राच्या वायरी काढू लागली. लाल, मग काळी. ओढणी सोडली. बॅटरी मांडीवर घेऊन तीही बसून राहिली. बरंच लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. नीलव्वाचे ओठ हलत होते, पण ते मंत्र नव्हते. ती त्याच्याशी बोलत होती, आणि बहुतेक रागावत होती.

शेवटी करडगं बंद झालं. दोरा नव्हता, म्हणून तिनं ते पदरात बांधून गाठ मारली, आणि वर आणखी एक. कनवटीची जोडवी काढून सुनेच्या हातात दिली.

“डबा आण.”

शिवलीलानं आणला. नीलव्वानं भाकरी मोडली, चटणी लावली, पहिला घास डोळे मिटून चावला. मग उरलेली अर्धी भाकरी झाकणात घालून सुनेपुढं सरकवली.

“बस. खा. स्कूटरचं मागनं बघू. सुरू न्हाई झाली तर दोगी ढकलू.”